सिराकुझाचे खांब

सिसिलीला जायचं ठरलं तेव्हा आईची अट एकच होती. फार चालायला लावू नका. म्हणून सिराकुझा निवडलं. जुनं गाव म्हणजे ऑर्तिजिया नावाचं एक छोटंसं बेट, पूल ओलांडला की आलंच. अर्ध्या दिवसात पाहून होतं असं पुस्तकात लिहिलं होतं. आम्हाला तीन दिवस लागले, तरी काही राहिलंच!

इथलं कॅथीड्रल पाहायला समोरून जाऊ नका. समोरून ते नटवं आहे, 1693 च्या मोठ्या भूकंपानंतर बांधलेलं. बाजूच्या गल्लीत शिरा. तिथे भिंतीतून दगडी खांब बाहेर डोकावतात, एकेक इतका जाड की दोघांच्या कवेत मावू नये. ते अथेना देवीच्या देवळाचे, इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातले. ख्रिश्चनांनी देऊळ पाडलं नाही. खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतीने बुजवल्या, आतल्या गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडल्या, झालं चर्च. 878 मध्ये अरबांनी गाव जिंकलं, तेव्हा मशीद. पुढे नॉर्मन आले, पुन्हा चर्च.

देऊळ, मशीद, चर्च हे शब्द एका दमात ऐकले की आपल्या मंडळींचे कान टवकारतात, माझेही टवकारले. आईने मात्र आत गेल्यावर एका खांबावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे अडीच हजार वर्षं इथे कोणी ना कोणी हात जोडतंच आहे." मग जरा थांबून, "पण आधीचे लोक गेले कुठे गं?"

माहितीफलकांवर "अनेक संस्कृतींचा संगम" असं काहीतरी गोड लिहिलेलं असतं. संगम म्हणजे नद्या आपणहून येऊन मिळतात. इथे बहुतेक जण तलवार घेऊन आले. खांब टिकले कारण ते उपयोगी होते. माणसांचा हिशोब वेगळा.

तो हिशोब ज्युदेक्का नावाच्या भागात कळला. अरुंद गल्ल्या, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे (अगदी आपल्या चाळीसारखे). पंधराव्या शतकापर्यंत ही ज्यूंची वस्ती होती. सिसिलीचे ज्यू अरबी राज्य संपून शतकं उलटली तरी अरबी वळणाची भाषा बोलत. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीचा हुकूम निघाला, कारण सिसिलीही त्यांच्याच ताब्यात होती: धर्म बदला नाहीतर निघा.

1980 च्या दशकात इथल्या एका जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना मातीने भरलेला एक जिना सापडला. माती उपसत गेले, तर खूप खाली खडकात कोरलेली ज्यूंची शुद्धिस्नानाची कुंडं निघाली. आई वरच बसली, गुडघे ऐकेनात. मी उतरले. गारवा, ओलसर भिंती, चार खांबांचं दालन आणि जमिनीतल्या कुंडांत नितळ पाणी. झऱ्याचं, अजून येणारं. वस्ती उठली, जिना बुजला, गाव ते विसरून गेलं आणि पाणी इतकी वर्षं अंधारात येतच राहिलं. मला तिथे फोटो काढावासा वाटला नाही.

वर आले तर आईने तोवर कुठूनतरी तिळाची चिक्की पैदा केलेली! मधातली, आपल्यापेक्षा जरा चिवट. तिचं इथलं नाव जुज्जुलेना. तो मूळचा अरबी शब्द, तिळाचा. "राज्यं गेली, तीळ राहिले," असं म्हणून तिने मला एक तुकडा दिला आणि पुन्हा तेच विचारलं, "त्या लोकांना परत कुणी बोलावलं का?"

तेव्हा उत्तर नव्हतं. घरी आल्यावर शोधलं. बोलावलं होतं, 1740 मध्ये. तेव्हाच्या बूर्बाँ राजाने, व्यापार वाढावा म्हणून. थोडेसेच आले. पण विरोध इतका झाला की काही वर्षांतच त्याने हुकूम मागे घेतला. आईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या थोड्यांना पुन्हा सामान बांधावं लागलं असेल ना."