पिवळं रोप

डोंबिवलीतली आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली, त्याच महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झाले. भाड्याच्या घरात खोकी तशीच पडली होती. रात्र रात्र झोप नसायची. आषाढातल्या एका सकाळी छत्री उचलली आणि कर्जत लोकल पकडली.

नेरळला उतरणारे बहुतेक जण माथेरानकडे वळतात. मी उलट्या दिशेला, कळंबच्या रिक्षेत बसले. वाटेत उल्हास नदी लागली, तांबडी, फुगलेली. हेच पाणी पुढे बदलापूर, कल्याणकडे जातं. २६ जुलै २००५ चा पूर आठवून पोटात कालवलं.

कळंबला पाठीशी माथेरानचा डोंगर आणि समोर सह्याद्रीची रांग. त्या दिवशी रांग ढगातच होती. बाजार ओलांडून बांधावर आले तर लावणी चाललेली. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेतलेल्या बायका ओळीने वाकलेल्या, गुडघाभर चिखलात. भात इथे दोनदा रुजतं. आधी राब भाजलेल्या तुकड्यात दाट पेरायचं, तीनेक आठवड्यांनी रोपं उपटून जुड्या बांधायच्या आणि खाचरात लावायच्या. ‘कर्जत-३’सारखे वाण याच तालुक्यातल्या संशोधन केंद्राने काढलेले, पण उपटणं त्यांनाही चुकत नाही.

पलीकडचं खाचर पिवळं पडलं होतं. रोग आला का, असं एका मावशींना विचारलं.

“न्हाय ओ ताई. परवाच लावलंय. चार दिस असंच दिसंल. त्याला हात लावायचा न्हाय, मग धरतंय आपोआप.”

एवढं सांगून त्या पुन्हा वाकल्या.

मी बांधावरच्या आंब्याखाली बसले. एका खाचरातलं पाणी मोरीतून खालच्या खाचरात पडत होतं. बेडूक मध्येच गप्प व्हायचे, पुन्हा सुरू. खोकी कधी उघडायची, नवं घर कधी मिळणार, हे प्रश्न त्या पाण्याच्या आवाजात कुठे गेले ते कळलं नाही. बसल्याबसल्या डोळा लागला. महिन्याभरात पहिल्यांदाच.

पंधरवड्याने पुन्हा गेले. ते खाचर हिरवंगार झालं होतं.

तुम्ही पावसात तिकडे गेलात तर बांधाच्या कडेकडेनेच चाला. नुकत्या लावलेल्या खाचरात पाय घालू नका.