चपटे कोफ्ते

विद्यार्थी मित्रांनो, ‘टर्की’ हा शब्द ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? देश की पक्षी? मी हा प्रश्न आमच्या शिरूरच्या शाळेत नववीच्या वर्गाला विचारला. निम्मा वर्ग म्हणाला, “देश.” दोघे-तिघे म्हणाले, “पक्षी.” तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मग देशाचा खिमा कसा करतात?” सारा वर्ग खो खो हसला. मलाही हसू आवरले नाही.

हा प्रश्न निघाला एका निबंधातून. ‘माझा आवडता खाद्यपदार्थ’ हा विषय मी दिला होता. एका मुलाने लिहिले, “मला ग्रीक पद्धतीचा टर्की बर्गर फार आवडतो.” निबंध शुद्ध होता, अक्षरही वळणदार होते. मी त्याला जवळ बोलावून विचारले, “तू हा बर्गर कधी खाल्लास?” तो खाली पाहू लागला. हळूच म्हणाला, “कधीच नाही, सर. एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिले होते. आमच्या घरचे जेवण अगदी साधे असते. त्यावर काय लिहायचे?”

त्याला मी काहीच बोललो नाही. पण संध्याकाळी खोलीवर परतल्यावर त्याचे ते वाक्य मनात घोळत राहिले. त्यामागे एक कारण होते.

माझे घर दौंडला आहे. अब्बा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली. आठ महिन्यांपूर्वी माझी अम्मी वारली. तेव्हापासून अब्बांचे जेवणावरचे लक्ष उडाले आहे. डॉक्टरांनी रक्तदाबामुळे मीठ आणि तेल कमी करायला सांगितले आहे. डबा येतो, अब्बा दोन घास खातात आणि ताट बाजूला सारतात. अम्मीच्या स्वयंपाकघरात ते पाऊलही टाकत नाहीत. मी नोकरीसाठी शिरूरला राहतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंडला जातो. वाटेत भीमा नदी लागते. पुलावरून गाडी जाताना दर आठवड्याला मनात एकच विचार येतो : आज अब्बा काय खातील?

त्या दिवशी वाटले, हा ग्रीक बर्गरच करून पाहावा. त्यात मिरची-मसाला नाही, तेल थोडे, मांस हलके. शिवाय वर्गालाही सांगता येईल. बी.एड.च्या अभ्यासक्रमात आम्हांला एक सूत्र शिकवले होते : ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. जे ठाऊक आहे, त्याचा हात धरून जे ठाऊक नाही, तिथे जायचे. म्हणून आधी शोध घेतला तो या पक्ष्याचा.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो फार प्राचीन काळी माणसाळवला. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तो युरोपात नेला. इंग्रजांना वाटले, हा तुर्की व्यापाऱ्यांच्या मुलखातला असावा. म्हणून त्यांनी त्याचे नाव ठेवले टर्की. गंमत अशी की, खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा! पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘पेरू’. तुमच्या उर्दूत तो ‘फीलमुर्ग’. बिचाऱ्या पक्ष्याला कोणीच आपल्या गावचा म्हणायला तयार नाही.

हा पक्षी आपल्याकडेही आला होता, आणि तोही थाटाने. १६१२ साली मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरातून काही अपूर्व वस्तू आणि प्राणी जहांगीर बादशहाकडे आणले. त्यांत टर्कीही होता. ‘तुझुक-ए-जहांगिरी’ या आपल्या आत्मचरित्रात बादशहाने त्याचे बारकाईने वर्णन केले आहे. त्याच्या डोक्या-गळ्याचा रंग सरड्यासारखा बदलतो, असे लिहिले आहे. नुसते ऐकून लोकांचा विश्वास बसणार नाही, म्हणून त्याने चित्रेही काढवून घेतली. उस्ताद मन्सूरने काढलेले त्या पक्ष्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

बादशहाला टर्की मिळाला. मला मात्र शिरूरच्या बाजारात मिळाला नाही. कोंबडीवाला म्हणाला, “सर, टर्की नाही. छातीचे मांस देतो बिनहाडाचे. चालेल?” मी म्हटले, “चालेल.” टर्कीचे आणि कोंबडीच्या छातीचे मांस सारखेच : चरबी कमी, चव सौम्य. माझ्या वर्गातील एका मुलीने आणखी एक शंका विचारली होती. “सर, हॅम्बर्गर या शब्दात ‘हॅम’ आहे. हॅम म्हणजे तर डुकराचे मांस. मग आपण ते कसे खायचे?” शंका रास्त होती. पण या शब्दाचा त्या मांसाशी काही संबंध नाही. जर्मनीत हॅम्बुर्ग नावाचे शहर आहे. त्या शहरावरून ‘हॅम्बर्गर’ हे नाव आले आणि पुढे त्याचे नुसते ‘बर्गर’ झाले.

पहिला प्रयोग मी खोलीवर एकट्यानेच केला. मांस सुरीने बारीक केले, कांदा-लसूण घातला, टिक्की थापली आणि तापलेल्या तव्यावर टाकली. टिक्कीला भेगा पडल्या. मध्यभाग फुगला, कडा करपल्या. तोंडात घातली तर कोरडी ठणठणीत. पाण्याच्या घोटाबरोबर ती कशीबशी गिळली. ज्या मांसात चरबी नाही, त्याला ओलावा बाहेरून द्यावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी दौंडच्या घरी मी पुन्हा सगळी मांडामांड केली. अर्धा किलो मांस, एक मोठा कांदा, चार लसूण पाकळ्या, मूठभर पुदिना, मिरपूड, लिंबू आणि दही. ग्रीक लोक यात ओरेगानो नावाची वनस्पती घालतात. तिचा वास आपल्या ओव्याच्या जवळचा असतो, म्हणून मी चिमूटभर ओवा घेतला. ते ‘फेटा’ नावाचे खारवलेले चीजही घालतात. मेंढीच्या किंवा मेंढी-शेळीच्या दुधाचे ते चीज मिठाच्या पाण्यात मुरवतात. अब्बांना मीठ वर्ज्य. तेव्हा मी घरीच दूध नासवून पनीर केले आणि त्यावर लिंबू पिळले.

मी सुरी घेऊन मांस चिरू लागलो. अब्बा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. सुरीचा आवाज त्यांनी थोडा वेळ ऐकला. मग तिथूनच म्हणाले, “सुरीने नाही होणार ते. पाट्यावर ठेच.”

आम्ही घरात दखनी बोलतो. अब्बांचे बोलणे मी इथे मराठीत सांगतो आहे. आठ महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून उच्चारलेले ते पहिले वाक्य होते. मी पाटा काढला. त्यावर धूळ बसली होती. तो धुतला आणि वरवंट्याने मांस ठेचू लागलो. थोड्या वेळाने मागे चाहूल लागली. अब्बा दारात उभे होते.

“कांदा किसून पिळलास का? नाही पिळलास तर पाणी सुटेल आणि टिक्की मोडेल.”

मी कांदा पिळला.

“आणि पाव?”

“पाव खाताना लागेल, अब्बा. बर्गर पावातच घालतात.”

“तो नव्हे,” अब्बा म्हणाले. ते आत आले. बेकरीतून आणलेल्या लादीतला एक पाव त्यांनी तोडला, वाटीभर पाण्यात बुडवला आणि दोन्ही तळव्यांत दाबून पिळला. मग तो कुस्करून मांसात घातला. “तुझी अम्मी कोफ्त्यांत असाच पाव घालायची. रात्रपाळी करून मी पहाटे घरी यायचो, तेव्हा इथे दारात बसून चहा प्यायचो आणि ती काय करते ते बघत राहायचो.”

मी अब्बांच्या हातांकडे पाहत राहिलो. ज्या हातांनी वर्षानुवर्षे हिरवा-लाल झेंडा धरला, ते हात आता मांसात पाव मिसळत होते.

मित्रांनो, पाव घालण्यामागे शास्त्र आहे. मांस तापले की आकसते आणि त्यातले पाणी बाहेर पडते. भिजवलेला पाव ते पाणी धरून ठेवतो, म्हणून टिक्की मऊ राहते. दह्यानेही ती लुसलुशीत होते. आम्ही त्यात दोन चमचे दही घातले आणि मिश्रण अर्धा तास थंड ठेवले. मग सहा टिक्क्या थापल्या. प्रत्येकीच्या मध्यभागी अंगठ्याने किंचित दाबून खळगा केला. त्यामुळे मध्यभाग फुगत नाही. बिडाच्या तव्यावर थोडे तेल सोडून मध्यम आचेवर एकेक बाजू पाच-सहा मिनिटे भाजली. कोंबडी असो की टर्की, आत कच्चे राहता कामा नये. टिक्की मधोमध मोडून पाहावी. आतला गुलाबीपणा जाऊन पाणी स्वच्छ आले पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवे.

टिक्क्या भाजत होत्या तोवर मी चटणी केली. दही फडक्यात बांधून दोन तास टांगले होते. त्या चक्क्यात काकडी किसून, पिळून घातली. वर लसूण आणि पुदिना. याला ग्रीक लोक ‘त्झात्झिकी’ म्हणतात. हा शब्द तुर्की भाषेतल्या ‘जाजिक’ या शब्दावरून आला. मराठीत आपण काकडीची कोशिंबीर म्हणू, उर्दूत रायता म्हणू. नावे चार, पण दही-काकडी तीच.

पाव मधोमध कापून शेकला. त्यात टिक्की, टोमॅटोची चकती, कुस्करलेले पनीर आणि वर चमचाभर रायता घातला. अब्बांपुढे ताटली ठेवून म्हणालो, “घ्या. ग्रीक बर्गर.”

अब्बांनी पावाचे झाकण उचलून आत पाहिले. एक घास घेतला. सावकाश चावला. मग म्हणाले, “हे तर कोफ्ते आहेत. फक्त त्यांच्यावर कोणीतरी बसलेले दिसते.”

मी हसलो. अब्बाही हसले. त्यांनी तो बर्गर संपवला आणि दुसरा अर्धा घेतला.

अब्बांनी थट्टेत म्हटले, पण ते खरेच होते. ‘कोफ्ता’ हा फारसी शब्द. ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे, ठेचणे. तुर्की भाषेत त्याचे ‘कोफ्ते’ झाले आणि ग्रीसमध्ये ‘केफ्तेदेस’. ग्रीक गृहिणीही केफ्तेदेसच्या खिम्यात भिजवलेला पाव आणि पुदिना घालतात. दौंडच्या माझ्या अम्मीला ग्रीस नकाशात कुठे आहे हे ठाऊक नव्हते. तिला हे तिच्या आईने शिकवले आणि त्या आईला तिच्या आईने. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पुदिना फारसीतून, बर्गर जर्मनीतल्या शहरावरून. सगळे पाहुणे येऊन आमच्या पाट्याभोवती बसले आणि घरचे झाले. मी ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ निघालो होतो. अज्ञातात पोहोचल्यावर दार उघडले तर आत अम्मी उभी होती.

त्या रात्री एका गोष्टीची मला भीती वाटली. अम्मीचे कोफ्ते, तिची खिचडी, ईदचा शीरखुर्मा यांतले काहीही कुठे लिहिलेले नव्हते. जे होते ते तिच्या हातांत होते, आणि ते हात आता नाहीत. उरले आहे ते फक्त अब्बांच्या डोळ्यांत. मी एक कोरी वही काढली. आता दर रविवारी अब्बा सांगतात आणि मी लिहितो. तुम्हांला ठाऊक आहेच, उर्दूची वही उजवीकडून उघडते आणि मराठीची डावीकडून. माझ्या वहीत एका बाजूने उर्दूत कृती लिहिल्या जातात आणि दुसऱ्या बाजूने त्याच मराठीत. कुठल्या तरी पानावर दोन्ही एकमेकींना भेटतील. अब्बा कधी प्रमाण विसरतात. मग आम्ही तो पदार्थ करून पाहतो. चुकला तर पुन्हा करतो. अब्बांचे जेवणही आता थोडे वाढले आहे.

सोमवारी मी वर्गात तोच विषय पुन्हा फळ्यावर लिहिला : ‘माझा आवडता खाद्यपदार्थ’. फक्त एक अट घातली. पदार्थ घरचा हवा, आणि तो करणाऱ्या व्यक्तीला विचारून लिहायचा. बर्गरवाल्या त्या मुलाने या वेळी आपल्या दादीच्या ज्वारीच्या भाकरीवर लिहिले. पीठ कोमट पाण्यात का मळायचे, भाकरी का फुगते, ती केव्हा उलटायची, हे सारे त्याने दोन पाने भरून लिहिले. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा पदार्थ असेल. तो साधा आहे असे म्हणून सोडून देऊ नका. आज घरी गेलात की तो करणाऱ्या हातांशेजारी बसा, विचारा आणि लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.