पाणी दुधात की चाऱ्यात?

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात गाईचं दूध पातळ लागलं, तुपाला पिवळेपणा आला नाही, की आपण लगेच म्हणतो, "दूधवालीनं पाणी घातलं!" पण जरा थांबा.

मी भंडाऱ्याची. माझ्या जाऊबाई लाखांदूर तालुक्यात दोन गाई पाळतात. त्या दुधावर लेकीचं कॉलेज चालतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं दूध यंत्रावर कमी उतरलं आणि चारचौघांत पाण्याचा ठपका आला. थेंबभर पाणी घातलं नव्हतं हो!

मग खोट कुठे? गव्हाणीत. आमचा जिल्हा धानाचा, त्यामुळे ढोरांपुढे तणसच जास्त. तणसानं पोट भरतं, अंग भरत नाही. त्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. पोषण कमी पडलं की दूध आटतं, शिवाय त्यातले स्निग्धांशाखेरीजचे घटकही उतरतात. यंत्राला ते पाणी घातल्यासारखंच दिसतं. आणि तुपाचा पिवळा रंग येतो हिरव्या गवतातल्या कॅरोटीनमुळे. उन्हाळ्यात तो यायचा कुठून?

गवताचं आपल्या मेथीसारखंच असतं. कोवळी असेतो गुणाची, फुलावर आली की नुसते दांडे. भाद्रपदात बांधावरचं गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापलं तर गाईला मानवतं. वाळून काडी झाल्यावर त्यात फारसं काही उरत नाही.

जाऊबाईंनी मग तणसच सुधारलं. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबायचं आणि प्लास्टिकनं हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. उग्र वास जाईस्तोवर पसरून मगच खायला द्यायचं, तेही थोड्या थोड्या प्रमाणात वाढवत. सहा महिन्यांखालच्या वासरांना मुळीच नाही. आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये, ते विष आहे! पहिल्या खेपेला पशुवैद्यकांना विचारूनच करावं. जोडीला थोडी ढेप आणि लाखोरीचं कुटार.

महिन्याभरात दूध वाढलं, यंत्राचा आकडाही वर सरकला. पण चारचौघांत गेलेला शब्द कोण परत आणून देणार? म्हणून सांगते, भेसळ करणारे असतात हे खरं, तरी ठपका ठेवण्याआधी एवढं विचारा, "बाई, गाय सध्या काय खाते?"