शिडी आणि पाऊल

मायकेल लोमचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा हाताशी एवढंच होतं: कॉर्नवॉलमधल्या लडजन गावचा, जन्म १७९७, मृत्यू १८७१, खाणींचा इंजिनिअर. अशा माणसाचा शोध नोंदींतूनच घ्यावा लागतो, आणि नोंदी वाचायची एक शिस्त असते.

१८४१ ची खानेसुमारीच घ्या. पंधराच्या वरच्या माणसांची वयं तिथे बहुधा खालच्या पाचाच्या पटीत लिहिलेली असतात. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस कागदावर चाळीसचा होतो. त्यावरून जन्मसाल काढलं, की बाप्तिस्म्याच्या वहीत भलताच मायकेल हाती लागतो. १८५१ पासून जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातं लिहू लागले. म्हणून मी १८५१ पासून सुरुवात करते आणि तिथून मागे जाते.

नोंदी जुळल्या, तरी माणूस दिसेना. तो दिसला शिडीपाशी. पाळी संपली की खाणकामगार शिड्या चढून वर येत. खोल खाणीत हा चढ तासाभराचा. घामानं भिजलेलं अंग वर येताच गार वाऱ्यात सापडे. छाती कायमची धरे. यावर उपाय काढावा म्हणून १८३४ मध्ये रॉयल कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटीनं बक्षीस लावलं. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींत चाललेली युक्ती लोमनं १८४२ मध्ये ट्रेसव्हीन खाणीत उभी केली. शाफ्टमध्ये शेजारी शेजारी दोन लांब दांडे. एक वर जाई तेव्हा दुसरा खाली. दांड्यांना ठरावीक अंतरावर फळ्या. दांडे क्षणभर थबकले की शेजारच्या फळीवर पाऊल टाकायचं, की पुढचा हेलकावा आणखी वर नेई.

मी घरात फरशीवर खडूनं दोन चौकोन काढले आणि रात्री दमलेल्या पायांनी ते पाऊल टाकून पाहिलं. एकच पाऊल, मग विसावा. दमलेल्या माणसाला किती मागावं, हे लोमला ठाऊक होतं. त्याच्याबद्दल मला खात्रीनं सांगता येणारी ही पहिली गोष्ट.

अशा यंत्राचं नाव आज निघतं ते बहुधा लेव्हंट खाणीतल्या अपघातामुळे. २० ऑक्टोबर १९१९ ला तिथलं यंत्र तुटून ३१ माणसं दगावली. तेव्हा लोमला जाऊन ४८ वर्षं झाली होती. तो दिवस चरित्रात येईलच. पण ज्या असंख्य संध्याकाळी माणसं शिडी न चढता घरी पोचली, त्यांची बातमी कुणी छापली नाही. विस्मृतीत गेलेल्या माणसाचं चरित्र लिहिणाऱ्यानं त्या संध्याकाळींचाही हिशेब ठेवला पाहिजे.