बाबांच्या नावावर

"एजंट कशाला हवाय? फॉर्मच तर भरायचाय," असं मी बाबांना फोनवर सांगितलं. ही २०२३ची गोष्ट. मी पुण्यात कोड लिहितो. बाबांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. दोन जुन्या लेथवर भागेना, म्हणून जपानहून वापरलेलं सीएनसी टर्निंग सेंटर मागवायचं ठरलं. जहाजभाडं आणि विमा धरून किंमत २० लाख. त्यातले निम्मे बँकेच्या कर्जाचे.

आयातदार स्वतःही 'बिल ऑफ एन्ट्री' भरू शकतो, हे मी वाचलं होतं. पोर्टल, लॉगिन, आठ आकडी कोड. आमच्या ऑफिसातली अर्धी टूल्स याहून किचकट आहेत. तरीही बाबांनी ओळखीतून पनवेलचे एक कस्टम्स ब्रोकर गाठले. लोक त्यांना अजून जुन्या नावानं 'सीएचए' म्हणतात, आम्ही काका म्हणू लागलो.

पहिल्याच भेटीत मी हुशारी दाखवली. "कोड मी शोधलाय. ८४५७, मशिनिंग सेंटर."

काकांनी कॅटलॉग उलटला. "यात जॉब फिरतो ना? मग हा लेथ. ८४५८. टर्निंग सेंटर तिथंच येतं."

"पण ड्यूटी दोन्हीकडे सारखीच आहे."

"असू दे. चुकीचं लिहिलेलं चुकीचंच."

मला ते उगाच वाटलं.

मग विकणाऱ्याचा ईमेल आला. इन्व्हॉइस हवं तर १२ लाखांचं करून देतो, उरलेले ८ वेगळे पाठवा. मी पटकन हिशेब केला. बेसिक ड्यूटी ७.५ टक्के, त्या ड्यूटीवर १० टक्के सरचार्ज, या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी. म्हणजे एकूण २७.७३५ टक्के. आठ लाखांवर २,२१,८८० रुपये वाचत होते. मी ईमेल काकांना पाठवला, वर लिहिलं, "चांगली ऑफर आहे."

त्यांनी टाइप केलं नाही, फोन केला.

"आयात कोड कोणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या."

"त्यांना हे दाखवलंत?"

नव्हतं दाखवलं.

"कागद घ्या," ते म्हणाले. "आयजीएसटीचं क्रेडिट तुम्हाला परत मिळतं. मग खरी बचत किती?"

मी पुन्हा आकडे मांडले. आठ लाखांवर ८.२५ टक्के. ६६ हजार.

"आणि ते आठ लाख पाठवणार कसे? बँक बिल ऑफ एन्ट्रीशी रक्कम जुळवते. म्हणजे हवाला. पकडलं गेलं तर मशीन जप्त, वर दंड. कर्जाचा हप्ता मात्र चालूच." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या लायसन्सचा नियम आहे. ग्राहकाला कायदा पाळायला सांगायचं. नाही ऐकलं, तर कस्टम्सला कळवायचं. मला कळवायला लावू नका."

ज्याला मी फॉर्म भरणारा समजत होतो, तो मला नाही म्हणत होता. पोर्टलनं माझे १२ लाख निमूटपणे घेतले असते. सगळी खानं भरली की त्याचं काम संपतं.

इन्व्हॉइस २० लाखांचंच आलं. जहाज लागण्याआधी बिल ऑफ एन्ट्री दाखल झालं. उशीर झाला असता तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढं रोज १० हजार दंड होता. न्हावाशेवाच्या कंटेनर यार्डात चार्टर्ड इंजिनिअरनं नेमप्लेट पुसून मशीनचं साल टिपलं. वापरलेल्या मशीनला तो दाखला लागतो. ड्यूटी भरली, ५,५४,७०० रुपये.

शिरोलीत क्रेननं मशीन उतरवलं, त्या रात्री मी बाबांना ईमेलचं सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "काकांनी त्याच दिवशी मला फोन केला होता."

"मग बोलला का नाही?"

"तू कधी सांगतोस, ते बघत होतो."

मग ते टॉर्च घेऊन मशीनची लेव्हल बघायला खाली वाकले. मी टॉर्च हातात घेतला आणि धरून उभा राहिलो.