'नेणें'चे इंग्रजी

अभंगाच्या भाषांतरात मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्द अधिक अडवतात. 'विठ्ठल' वा 'पंढरी' जसेच्या तसे ठेवून खाली टीप देता येते. 'नेणें'ला ती सवलत नाही. त्याला इंग्रजी रूप द्यावेच लागते. मग 'आय नो नॉट', 'आय डू नॉट नो' आणि 'आय डोन्ट नो' असे तीन पर्याय भाषांतरकारापुढे उभे राहतात. तिन्हींचा कोशगत अर्थ एकच. बोलणारा माणूस मात्र प्रत्येक वेळी निराळा.

'नेणें' म्हणजे 'न' आणि 'जाणें' यांचा सांधा. प्राचीन इंग्रजीतही 'ने' हा नकार आणि 'जाणतो' या अर्थाचे 'वाट' हे रूप एकत्र येऊन 'नाट' होत असे, आणि चॉसरपर्यंत हा सांधा टिकून होता. पुढे 'ने' क्षीण झाला व त्याच्या आधाराला आलेल्या 'नॉट'नेच त्याची जागा घेतली. नकाराच्या या झिजण्या-भरण्याचे विवेचन येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९१७ मध्ये केले. सोळाव्या-सतराव्या शतकांत 'डू'चे साहाय्य रूढ होत गेले, तरी जाणण्याचे क्रियापद मागे रेंगाळणाऱ्यांपैकी होते. म्हणूनच 'नो नॉट' कानाला अजून परके वाटत नाही.

येथे एक मोहक युक्तिवाद संभवतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात हे जुने रूप सर्रास आढळते. तुकोबाही सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलेच. तेव्हा समकालीनाला समकालीन रूप द्यावे! युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, पण फसवा. आजच्या वाचकाला त्या रूपातून सतरावे शतक ऐकू येत नाही, प्रवचनपीठ ऐकू येते. देहूचा वाणी बघता बघता धर्मोपदेशक होऊन बसतो.

वस्तुतः कोणताही नकार जन्मतः काव्यात्म नसतो. 'नेव्हर'चे 'नेअर' हे आखूड रूप पद्यात एक अक्षर वाचवण्यासाठी सोयीचे ठरले आणि कवितेची मिरास मानले गेले. परंतु 'नेअर अ' याचेच 'नॅरी' होऊन ते ग्रामीण बोलीत, विशेषतः अमेरिकेत, नांदू लागले. एकाच रूपाचे एक वंशज दरबारात गेले, दुसरे गावकुसाशी राहिले.

छंदाची सबबही प्रत्येक वेळी खरी नसते. 'आय डू नॉट नो' या चार अक्षरांत लघु-गुरूचा आयँबिक क्रम आपोआप जुळतो. जुन्या काव्यभाषेविरुद्ध वर्डस्वर्थने १८०० च्या प्रस्तावनेत तक्रार मांडली, ती अशा सवयीच्या सजावटीबद्दलही होती.

मराठी भाषांतरकारांपैकी दिलीप चित्रे यांनी 'सेज तुका'त (१९९१) आधुनिक इंग्रजी पत्करले; अरुण कोलटकर तर संतांना रस्त्यावरच्या अमेरिकन बोलीपर्यंत घेऊन गेले. दोघांनीही संतांना पुतळे होऊ दिले नाही, हे ऋण मोठे आहे. तरीही 'डोन्ट नो' सर्वत्र चालेल असे नाही. त्यात खांदे उडवल्याचा भास होतो. 'नेणें'मध्ये बेफिकिरी नसून शरणागती आहे. अशा जागी 'डू नॉट नो' हे मधले, न आखडलेले रूप उपयोगी पडते. ते ना पोथीतले, ना नाक्यावरचे. शब्द सावकाश उच्चारणाऱ्या माणसाचे आहे. विठ्ठलाशी भांडताना मात्र तुकोबांच्या तोंडी 'डोन्ट'च शोभते.

मग 'नो नॉट' टाकूनच द्यावे काय? तसेही नाही. जेथे अभंगकर्ता शब्दपांडित्य मिरवणाऱ्याची नक्कल करतो, तेथे ते रूप त्या पंडिताच्या तोंडी घालावे, आणि पुढच्याच ओळीत कवीला साध्या इंग्रजीत बोलू द्यावे.