बर्फावाचून हॉकी

हॉकी हा शब्द उच्चारला की आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि मेजर ध्यानचंद यांची मूर्ती उभी राहते. कॅनडा देशात मात्र तो शब्द बर्फावरील खेळासच लावतात. पायांत पोलादी पात्यांचे जोडे, हातात वाकडी काठी, चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची रबरी चकती आणि गोलरक्षक धरून एका बाजूस सहा गडी, असा तो खेळ. हंगाम ऑक्टोबरात सुरू व्हावयाचा आणि अंतिम सामने जूनमध्ये संपावयाचे. सन २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही कन्येकडे टोरांटो शहरी गेलो तेव्हा जून सरत आला होता. सामने आटोपले होते. तेव्हा आता दोन-तीन महिने ह्या खेळाचे नाव कोणी काढणार नाही, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच सकाळी खोटी ठरली.

घराजवळ टिम हॉर्टन्स ह्या नावाचे कॉफीचे दुकान आहे. तेथे रोज सकाळी पाच-सहा वृद्ध गृहस्थ एका मेजाभोवती बसतात. आमचे शेजारी त्यांतलेच. त्यांचे सारे आयुष्य ट्राम चालविण्यात गेले. त्यांनी आम्हांस त्या मंडळीत नेऊन बसविले. ह्या दुकानाचे नाव ज्याच्यावरून पडले तो टिम हॉर्टन स्वतः टोरांटोच्या ‘मेपल लीफ्स’ संघाचा बचावपटू होता. खेळत असतानाच, १९६४ साली, त्याने हॅमिल्टन गावी पहिले दुकान काढले. त्या काळी पुष्कळ खेळाडूंना उन्हाळ्यात पोटासाठी दुसरा उद्योग पाहावा लागे. १९७४ साली हॉर्टन मोटार-अपघातात गेला, परंतु त्याचे नाव आज कॅनडाच्या गावोगावी पाटीवर आहे. ह्या पाटीचा आमच्या विषयाशी केवढा संबंध आहे, ते पुढे कळले.

मेजावर चाललेली चर्चा ऐकून प्रथम आम्हांस वाटले की ही मंडळी एखाद्या पेढीचे हिशेबनीस असावीत. कारण असे की, ह्या व्यवसायी हॉकीत प्रत्येक संघास खेळाडूंच्या वेतनावर ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च करता येत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती मर्यादा ९ कोटी ५५ लक्ष डॉलर होती. तेवढ्यात तेवीस गड्यांपर्यंत बसवावयाचे. एकास जास्त दिले तर दुसऱ्याच्या ताटातले कमी होणार. एकत्र कुटुंबातील कर्ता पुरुष दिवाळीच्या खरेदीची यादी करताना जसा कपाळास हात लावतो, तशीच ह्या वृद्धांची अवस्था. वास्तविक त्यांच्या हाती एक कवडी देण्याचा अधिकार नव्हता. तरी हातरुमालाच्या कागदावर आकडे मांडून ते संघाची घडी रोज नव्याने बसवीत.

एक जुलैच्या सुमारास त्या मेजावर अवकळा आली. मिच मार्नर नावाचा खेळाडू संघ सोडून गेला. हा टोरांटोलगतच्या मार्कम गावी जन्मलेला. नऊ हंगाम तो घरच्याच संघातून खेळला. तो आता लास व्हेगासच्या संघाकडे गेला. आठ वर्षांस ९ कोटी ६० लक्ष डॉलर. नियम असा होता की, परक्या संघास फार तर सात वर्षांचा करार करता येई, आठ वर्षांचा करार फक्त स्वतःचा संघ देऊ शके. म्हणून टोरांटोनेच कागद केला आणि त्या कागदासह गडी व्हेगासला देऊन त्याच्या बदली निकोला रॉय हा खेळाडू घेतला. उलट, संघाचा पूर्वीचा कप्तान जॉन टावारेस ह्याने वर्षास सरासरी १ कोटी १० लक्ष घेत असता सुमारे ४४ लक्षांवर चार वर्षे राहण्याचे मान्य केले. मेजावर एकास शिव्या व दुसऱ्यास आशीर्वाद, अशी वाटणी तत्काळ झाली. तेव्हा आमचे शेजारी शांतपणे म्हणाले, “हाच टावारेस २०१८ साली न्यूयॉर्कच्या आयलंडर्स संघाला सोडून आपल्याकडे आला. तेव्हा तिकडच्या लोकांनी त्याच्या नावाने खडे फोडले आणि आपण त्यास निष्ठावंत म्हणून डोक्यावर घेतले.” ह्यावर कोणी बोलले नाही.

घरी निराळाच प्रसंग. आमच्या दहा वर्षांच्या नातवाच्या अंगात मार्नरच्या नावाचा व सोळा क्रमांकाचा सदरा होता. डोळे भरून त्याने विचारले, “आजोबा, तो आपला होता ना?” आम्ही पस्तीस वर्षे शाळामास्तरकी केलेली, उपदेश जिभेवर तयारच असतो. आम्ही म्हटले, “बाळ, जो पैशासाठी खेळतो तो कोणाचाच नसतो.” वाक्य आम्हांस मोठे समर्पक वाटले. मुलगा निमूटपणे खोलीत गेला.

आठवड्याभरात दुसरी बातमी आली. संघमालक व खेळाडूंची संघटना ह्यांच्यात जो सामुदायिक करार असतो, त्याची मुदत २०२६ च्या सप्टेंबरात संपावयाची होती. नव्या कराराचा मसुदा २७ जूनलाच जाहीर झाला होता, तो आठ जुलैस उभयपक्षी मंजूर झाला. सप्टेंबर २०२६ पासून चार वर्षे; सामने ब्याऐंशीऐवजी चौऱ्याऐंशी; वैयक्तिक कराराची कमाल मुदत एकेका वर्षाने कमी. आम्हांस ह्यात वाचण्यासारखे काही दिसेना. मेजावरच्या वृद्धांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला. आम्ही कारण विचारले. शेजारी म्हणाले, “उद्या नातवाला घेऊन माझ्याबरोबर चला. ते दाखविण्याजोगे आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या ट्रामच्या मार्गाने निघालो. कार्ल्टन रस्त्यावर पिवळ्या विटांची एक अवाढव्य इमारत आहे, तेथे उतरलो. हे मेपल लीफ गार्डन्स. १९३१ ते १९९९ संघाचे घर. २ मे १९६७ रोजी येथेच संघाने माँट्रियलला हरवून स्टॅन्ली चषक जिंकला. त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही. आमचे शेजारी तेव्हा अठरा वर्षांचे होते. आज तळमजल्यावर मोठे वाणसामानाचे दुकान आहे. डबाबंद पदार्थांच्या फडताळांमधून वाट काढीत ते आम्हांस एका जागी घेऊन गेले. जमिनीवर एक तांबडा ठिपका होता. पूर्वीच्या बर्फाचा मध्यबिंदू तो. नातू त्यावर दोन्ही पाय जुळवून उभा राहिला.

शेजारी सांगू लागले. ही वास्तू महामंदीत उठली. पैसा अपुरा पडला तेव्हा बांधकामावरील मजुरांनी मजुरीचा पाचवा हिस्सा कंपनीच्या भागांच्या रूपाने घेण्याचे कबूल केले आणि सहा महिन्यांच्या आत इमारत उभी राहिली. पुढे १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसे ह्या नामांकित खेळाडूने सहाही संघांतील गड्यांची संघटना काढली. मागणे फार नव्हते. निवृत्तिवेतनाचा हिशेब दाखवा, एवढ्यापासून आरंभ. परिणाम असा झाला की, लिंडसेची त्याच उन्हाळ्यात शिकागोस रवानगी झाली, आणि टोरांटोचा जिमी थॉमसन ह्याचीही तिकडेच. संघटना मोडली. ती नव्याने उभी राहण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

“माझे वडील कारखान्यातले कामगार,” शेजारी म्हणाले. “युनियनची वर्गणी कधी चुकविली नाही. पण त्या वर्षी जेवताना म्हणाले, ‘खेळण्याचे पैसे मिळतात, आणखी ह्यांना काय हवे?’ मी आठ वर्षांचा होतो. मलाही ते पटले. पुष्कळ वर्षांनी मनात आले, की टिम हॉर्टनला कॉफी का विकावी लागली?”

तेथून आम्ही यंग व फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेलो. तेथे हॉकीचे कीर्तिमंदिर आहे. वास्तविक ही १८८५ साली बांधलेली बँक ऑफ माँट्रियलची कचेरी. १९९३ पासून तिच्यात खेळाचा देव्हारा मांडला आहे. वर रंगीत काचांचा उंच घुमट आहे. जुन्या तिजोरीत चांदीचे एक लहानसे पात्र ठेवले आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली ह्यांनी १८९२ साली दहा गिनींस घेऊन हौशी खेळाडूंसाठी दिलेले मूळ पात्र ते हेच. मोठा चषक त्या दिवशी जागेवर नव्हता. विजेत्या संघातील प्रत्येकास तो उन्हाळ्यात एकेक दिवस घरी नेता येतो. त्याच्या ठिकाणी हुबेहूब प्रतिकृती होती.

शेजाऱ्यांनी बोट ठेवून दाखविले. चषकाच्या पट्ट्यांवर दरवर्षी विजयी संघाची नावे कोरलेली आहेत. परंतु दोन वर्षांचा विजेता नाही. १९१९ साली इन्फ्लुएंझाची साथ आली व अंतिम सामने अर्धवट सोडावे लागले. दुसऱ्या ठिकाणी २००४-०५ असा आकडा आणि पुढे इतकेच शब्द, की हंगाम खेळला गेला नाही. त्या वेळी मालकांनी वेतनमर्यादेसाठी टाळेबंदी पुकारली. १२३० सामने बुडाले. शेवटी ३ कोटी ९० लक्षांची मर्यादा आली आणि चालू करारांतील वेतन शेकडा २४ नी उतरले. २०१२-१३ सालीही टाळेबंदी होऊन अठ्ठेचाळीसच सामने झाले. एका वर्षी रोगाने आणि एका वर्षी भांडणाने, दोहोंची नोंद एकाच चांदीवर. त्या हिवाळ्यात मैदानाबाहेर पाव विकणाऱ्यांची आणि जागा दाखविणाऱ्यांची मिळकत बुडाली, ती कोठे कोरलेली नाही. वृद्धांनी श्वास का टाकला, ते आता आम्हांस उमगले.

मौजेची गोष्ट अशी की, त्या वेळी टोरांटोतील काही हौशी खेळाडू थेट न्यायालयात गेले. चषक लोकांना दिलेला आहे, मालकांना नव्हे, असे त्यांचे म्हणणे. २००६ साली तडजोड झाली. पुन्हा एखादा संपूर्ण हंगाम बुडाला तर विश्वस्तांस चषक दुसऱ्या संघास देण्याची मुभा राहिली. वाटाघाटींच्या मेजाशी दोनच पक्षांच्या खुर्च्या असतात. तिसऱ्याने, म्हणजे केवळ प्रेम करणाऱ्याने, मागितलेली जागा एवढ्यापुरती मान्य झाली.

टेड लिंडसेचे नावही त्या मंदिरात आहे. १९६६ साली त्याचा गौरव व्हावयाचा होता. परंतु समारंभास बायका-मुलांना मज्जाव असल्याने तो गेलाच नाही. पुढे ती प्रथा बदलली. खेळाडूंनी आपल्या मतांनी निवडलेल्या उत्कृष्ट खेळाडूस मिळणारे पारितोषिक २०१० पासून त्याच्या नावे दिले जाते. ही हकीकत ऐकताना आमच्या मनात निराळेच काही उभे राहिले. आमच्या उमेदीच्या काळी एका शाळेत चार महिने पगार थकला. आम्ही पाचजण चालकांकडे गेलो, तेव्हा उत्तर मिळाले की विद्यादान हे पवित्र कार्य. पवित्र कार्याचा मोबदला काय मोजता? आम्ही मान खाली घालून परतलो. त्या रात्री घरात दुधाचा रतीब बंद करावा लागला होता. ज्या कामास लोक पवित्र म्हणतात त्याचा मोबदला मागणाऱ्यास लोभी ठरविणे किती सोपे असते, हे आम्हांस तेव्हापासून ठाऊक. आणि तेच वाक्य, शब्द बदलून, आम्ही नातवास ऐकविले होते! कोट्यधीश खेळाडू व थकलेला मास्तर ह्यांची बरोबरी करावयाची नाही. परंतु आजचे कोटी लिंडसेच्या हद्दपारीतून आले आहेत, हे विसरून न्याय देता येत नाही.

परतीच्या ट्राममध्ये आम्ही नातवास म्हटले, “बाळ, त्या दिवशी आजोबा चुकीचे बोलले. तो नऊ वर्षे आपला होता. ती नऊ वर्षे कोणी परत नेलेली नाहीत.” त्याने थोडा विचार केला व विचारले, “मग सदरा घालू?” आम्ही शेजाऱ्यांकडे पाहिले. ते म्हणाले, “घाल. माझ्याकडे हॉर्टनचा आहे.”

आम्ही निघण्याच्या दिवशी मेजावर नवी यादी चालली होती. आमचे शेजारी कागदावर आकडे मांडीत म्हणाले, की पुढल्या वर्षी नक्की. गणपती पाण्यात सोडताना आपण जे म्हणतो, त्याच स्वरात. अठ्ठावन्न वर्षे ते तसेच म्हणत आले आहेत.